गाडीची आंघोळ आणि पितळेचे आटे

रोवणीचे दिवस आले की आमच्या भंडारा जिल्ह्यात दोनच रंगांच्या गाड्या दिसतात. एक ओल्या चिखलाच्या आणि दुसऱ्या वाळलेल्या चिखलाच्या! पाऊस सरला की रस्त्यावर रेतीच्या टिप्परांची धूळ, आणि धान निघाला की राईस मिलच्या बाजूने जावं तर काचेवर काळी राख. त्यात माझी गाडी पांढरी. पांढरं पातळ नेसून कुणी बांधीत उतरतं का, असं सासूबाई मला अजूनही विचारतात.

गाडी लहानशीच, दुसऱ्याच्या हातून आलेली, पण कागदावर नाव माझं आणि हप्ताही माझ्याच पगारातून कटतो. नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. 'हे' नागपूरला, शनिवारी रात्री येतात, रविवारी संध्याकाळी परत. त्यामुळे गाडीचं हवा, पेट्रोल, धुणं सगळं माझ्याकडेच. त्यातलं धुण्याचंच तेवढं जमत नव्हतं. वॉशिंग सेंटरला जावं तर रविवारची अख्खी सकाळ जाते. तिथे एक बाकडं असतं, त्यावर पाच-सहा पुरुष पेपर वाचत बसलेले. आपण गेलो की सगळे पेपर खाली होतात! मग तासभर उन्हात गाडीकडे बघत उभं राहायचं, कारण बाकड्यावर जागा असली तरी ती आपली नसते. तुमच्याही गावात थोडंफार असंच असेल. घरी बादली-फडक्याने धुवावी तर चाकांच्या आतला चिखल निघता निघत नाही, आणि कंबर मोडते ती वेगळीच.

म्हणून मागच्या दिवाळीत बोनसमधून 'प्रेशर वॉशर' घेतला. बाजारात घरगुती मशीन साधारण पाच ते दहा हजारांत मिळते. पण मैत्रिणींनो, आज मला मशीनबद्दल फार बोलायचं नाही. मशीनबद्दल दुकानदार भरभरून बोलतोच. मशीन म्हणजे नव्या नवरीसारखी, ती एकटी येत नाही, मागे सगळा गोतावळा येतो. तोटीचा अडॅप्टर, आत पाणी घेणारा पाईप, जाळी, बाहेर पाणी नेणारा जाड पाईप, गन, दांडी, पाच रंगांची नोझल, फेसाची बाटली. घोळ होतो तो इथे! नातं जुळलं तर संसार सुखाचा, नाही तर पहिल्याच दिवशी अंगणभर कारंजी.

आधी मशीन करते काय ते दोन शब्दांत सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गच्चीवरची टाकी तोटीपासून पाच मीटर उंच असेल तर तोटीला पाण्याचा दाब असतो जेमतेम अर्धा 'बार'. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार, असा हिशेब. मशीनमधली मोटर छोटे दट्टे मागेपुढे करून तेच पाणी एका बारीक भोकातून ढकलते आणि दाब शंभर बारच्या घरात नेते. म्हणजे एक किलोमीटर उंच टाकी बांधली असती तर जेवढ्या जोराने पाणी आलं असतं, तेवढ्या जोराने! खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बहुतेक 'मॅक्सिमम'चा असतो. त्याखाली बारीक अक्षरात कामाचा आकडा असतो, तो बघायचा. कारसाठी कामाचा दाब 80 ते 100 बार पुरेसा आहे. काही दुकानांत आकडा 'पीएसआय'मध्ये सांगतात, तो हजारांत असल्यामुळे भारी वाटतो. 1 बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. मोबाईलवर भागाकार करा की झालं.

आता पाणी आत कसं जातं ते बघू. सगळ्यात जास्त मशिनी बिघडतात त्या इथेच, असं माझं मत आहे. हे मशीन मिनिटाला पाच ते सात लिटर पाणी मागते. त्याला जोरात पाणी नको असतं, पण पुरेसं हवं असतं. पुरेसं मिळालं नाही तर ते हवा ओढतं, धडधडतं, आणि आतली रबरी सीलं कोरडी घासून खराब होतात. म्हणून मशीन घ्यायच्या आधी फुकटची एक परीक्षा करा. दहा लिटरची बादली तोटीखाली ठेवा आणि घड्याळ लावा. सव्वा मिनिटाच्या आत भरली तर तोटी पास. दोन-अडीच मिनिटं लागत असतील तर तोटीवर मशीन लावूच नका. अशा घरांसाठी स्वतः पाणी ओढणारी, 'सेल्फ प्रायमिंग' मशीन येते. सोबत एक कडक सक्शन पाईप घ्यायचा, त्याच्या टोकाला जाळीची टोपी, आणि तो सरळ ड्रममध्ये सोडायचा. आमच्याकडे नळ ठरल्या वेळेलाच येतो, त्यामुळे मी हीच पद्धत पसंत केली. यात लक्षात ठेवायचं एवढंच की ड्रम मशीनच्या पातळीला किंवा जरा उंच ठेवायचा, आणि सक्शन पाईप आधी पाण्याने भरून घ्यायचा. हा पाईप साधा मऊ बागेचा चालत नाही. मशीनने ओढ घेतली की तो चपटा होऊन बसतो.

तोटीवरच लावणार असाल तर अडॅप्टर दोन तऱ्हेचे मिळतात. एक रबराचा, कुठल्याही गुळगुळीत तोटीवर चढवून वरून क्लिप आवळायचा. स्वस्त, पण ऐन वेळी निसटतो. दुसरा आट्यांचा. आपल्याकडे आट्याला कुणी चुडी म्हणतं, कुणी थ्रेड, काहीही म्हणा. घरातल्या तोट्यांचे आटे बहुतेक अर्धा इंची आणि मशीनचं तोंड पाऊण इंची असतं, म्हणून 'अर्धा-पाऊण' असं सांगूनच वस्तू मागायची. प्लंबरकडून अंगणात आट्यांची एक वेगळी तोटी बसवून घेतली तर सगळ्यात उत्तम. झाडांनाही तीच कामी येते.

मशीनच्या तोंडाशी चहाच्या गाळणीसारखी एक इवलीशी जाळी असते. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती, टाकीतलं शेवाळ, सगळं तिथे अडकतं. ती दर वेळी काढून धुवायची. काही जण ती अडथळा म्हणून काढूनच टाकतात. तसं करू नका. ती रेती मग पंपात जाते.

आता बाहेरची बाजू. इथे खरी गंमत आहे.

मशीन घेताना सोबत आलेली गन लांबलचक होती, माझ्या उंचीच्या बाईला दारातल्या अरुंद जागेत ती वळवताच येईना. मला हवी होती आखूड गन आणि फेसाची बाटली. गावातल्याच एका दुकानात गेले. दुकानदाराने वर बघितलं आणि म्हणाला, "ताई, साहेबाले पाठवा ना जी. आटे-बिटे तुमाले नाही समजनार." मी म्हटलं, साहेब नागपूरला असतात, आटे माझ्या पर्समध्ये आहेत! आणि पाईपचं टोक काउंटरवर ठेवलं. मग त्याने आतल्या पोराला हाक मारली. पोरगा विशीतला. त्याने टोक हातात घेतलं, इकडे-तिकडे बघितलं आणि अडखळत विचारलं, "ताई, तुमाले ते... म्हणजे... मेल पायजे का फिमेल?" बिचारा लाजेने लाल झाला होता. सांगते, यात काही लाजण्यासारखं नाही. ज्याचे आटे बाहेरून ते मेल, ज्याचे आतून ते फिमेल. जुने मिस्त्री सरळ नर-मादी म्हणतात. आपणही न लाजता विचारावं, नाही तर घरी येऊन दोन नर समोरासमोर ठेवून बघत बसायची वेळ येते.

आता जी गोष्ट सांगते ती वहीत टिपून ठेवा. घरगुती मशीनच्या गन आणि पाईपवर एक आटा फार चालतो, त्याचं नाव 'एम 22'. म्हणजे आट्याचा व्यास 22 मिलिमीटर. दुकानदार "एम 22 आहे, बसेल" म्हणून वस्तू देऊन मोकळा होतो. पण त्या आट्याच्या मधोमध एक काडी असते, तिच्यावर रबरी ओ-रिंग असते, आणि पाणी अडवण्याचं काम ती ओ-रिंग करते, आटे नाही. ही काडी दोन मापांत येते, 14 मिलिमीटर आणि 15 मिलिमीटर. बाहेरून दोन्ही सख्ख्या जुळ्या बहिणी! चौदाची काडी पंधराच्या भोकात घातली तर आटे छान बसतात, पण मशीन सुरू केली की सगळीकडून पाणी. पंधराची चौदात घालायला गेलात तर बसतच नाही, आणि पाना लावून जोर केला तर रिंग कापली जाते. एका मिलिमीटरचा खेळ. मुलाच्या कंपासमधल्या पट्टीने हे माप नीट कळत नाही. दुकानात व्हर्नियर असतो, त्याने मोजायला लावा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आपल्या मशीनचं जुनं टोक सोबत न्यायचं. ब्लाउजपीस मॅचिंगला जाताना आपण साडी नेतोच ना!

काही कंपन्यांच्या मशिनींना आटे नसतातच. कुणाला खटक्याने बसणारी पिन, कुणाला बल्बसारखं दाबून फिरवायचं तोंड. कार्चरचं वेगळं, बॉशचं वेगळं. त्यांच्यासाठी त्या-त्या कंपनीचा अडॅप्टर मिळतो, ज्याचं एक टोक मशीनचं आणि दुसरं टोक एम 22 किंवा पाव इंची खटक्याचं. असा एक अडॅप्टर घेतला की पुढे बाजारातली कुठलीही गन, कुठलीही बाटली चालते. अडॅप्टरवर अडॅप्टर मात्र चढवू नका. प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा.

कार्चरचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. अल्फ्रेड कार्चर या जर्मन इंजिनिअरने 1935 मध्ये ही कंपनी काढली आणि 1950 मध्ये युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं प्रेशर वॉशर बनवलं. 1959 मध्ये तो अचानक गेला. मागे राहिली बायको, आयरीन. तिने कंपनी हातात घेतली आणि तीस वर्षं चालवली. घराघरात नेता येईल असं या कंपनीचं पहिलं छोटं मशीन 1984 मध्ये आलं, तेही तिच्याच काळात. म्हणजे "साहेबाले पाठवा" म्हणणाऱ्या दुकानात जी पिवळी मशीन शोकेसमध्ये ठेवलेली असते, तिच्यामागे एक बाई होती. पुढच्या खेपेला त्या दुकानदाराला हे सांगायचा माझा विचार आहे.

आता पितळ. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, ही ओळख जुनी. आज घरोघरी स्टील आलं, पितळेचं काम कमी झालं, पण आमच्या सासूबाईंच्या हाताला अजून पितळ कळतं. फिटिंग घेताना प्लॅस्टिक की पितळ, हा प्रश्न येतोच. पाणी आत घेण्याच्या बाजूला दाब कमी असतो, तिथे चांगलं प्लॅस्टिक चालतं. ते स्वस्त आणि हलकं. मशीनच्या बाहेरच्या बाजूला, शंभर बार जिथे खेळतात, तिथे पितळ किंवा स्टेनलेस स्टीलच घ्यावं. प्लॅस्टिकचे आटे उन्हात ठेवून-ठेवून कडक होतात आणि एक दिवस तडकतात. पण पिवळं दिसतं ते सगळं पितळ नसतं! चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. नाही चिकटलं तरी लगेच खूश होऊ नका, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. मग वजन बघायचं, पितळ हाताला जड लागतं. आणि आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, किल्लीच्या टोकाने हलकेच ओरखडा काढायचा. आतूनही पिवळं तर पितळ, पांढुरकं निघालं तर जस्त. सासूबाईंनी माझ्या फेसाच्या बाटलीचं डोकं हातात घेतलं, नखाने टकटक केलं आणि म्हणाल्या, "हे पितळ नोहे वं." आणि खरंच, ओरखडा काढल्यावर त्या डोक्याचं पितळ उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणलं.

नोझलकडे येऊ. ही टिकल्यांच्या पाकिटासारखी रंगीबेरंगी येतात, पण रंग हौसेसाठी नसतात. लाल म्हणजे शून्य अंश, पाण्याची सरळ सुई. पिवळं 15 अंश, हिरवं 25, पांढरं 40, आणि काळं साबणासाठी, मोठ्या तोंडाचं, कमी दाबाचं. कारला लागतात हिरवं आणि पांढरं, बस. पांढऱ्याने पत्रा आणि काच, हिरव्याने चाकं आणि खालची बाजू. लाल नोझल मी पहिल्याच दिवशी गाडीच्या सामानातून काढून वेगळं ठेवलं. ते रंग उडवतं, रबर फाडतं, आणि मुलांच्या हाती लागलं तर काय होईल ते पुढे सांगते. गोल फिरणारं 'टर्बो' नोझल दुकानदार कौतुकाने दाखवतो. ते अंगणाच्या फरशीवरचं शेवाळ काढायला फार छान, गाडीच्या रंगाला वैरी. नोझलवर रंगाशिवाय एक आकडाही कोरलेला असतो, समजा 2503. त्यातले 25 म्हणजे अंश आणि 03 म्हणजे भोकाचं माप. घरगुती मशीनला हे माप 025 ते 03 च्या आसपास लागतं. मोठ्या सर्व्हिसिंग मशीनचं 05 चं नोझल लावलं तर पाणी नुसतं पडतं, जोरच येत नाही. आणि फार बारीक लावलं तर मशीन कोंडते, सारखी चालू-बंद होते. मशीनच्या पुस्तिकेत हे माप दिलेलं असतं. पुस्तिका चिवड्याच्या पुडीसाठी फाडू नका!

आणि माझ्या मते आपल्या भागातल्या बायकांनी पैसे खर्च करावेत ते एका वस्तूवर, जी कुणी सांगत नाही. वाकडी दांडी. काटकोनात वळलेली, पुढे हिरवं नोझल. ती चाकाच्या वरच्या खोबणीत घातली की रोवणीच्या दिवसांतला, पेंड झालेला काळा चिखल ढेकळांनी खाली पडतो. सगळ्यात समाधानाचं काम तेच. हा चिखल ओला धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो, म्हणून तो काढणं म्हणजे नुसती टापटीप नाही, गाडीचं आयुष्य आहे. माझ्या गाडीचे अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत; तोवर तरी तिचा तळ शाबूत राहायला हवा! उलट फिरता ब्रश घेऊ नये. त्याच्या केसांत रेती अडकते आणि मग ब्रश नाही, सँडपेपर फिरतो.

फेसाच्या बाटल्या दोन जातीच्या. मशीनसोबत येते ती साधी, साबणाचं पाणी उडवते, फेस फारसा नाही. दुसरी वेगळी घ्यावी लागते. आत तारेच्या जाळीचा गोळा असतो, त्यातून साबण-हवा-पाणी जाऊन दाट फेस होतो. तिच्याही पोटात एक बारीक भोक असतं, 1.1 किंवा 1.25 मिलिमीटरचं. घरगुती मशीनला 1.1 चं मागायचं, मोठ्या भोकाने फेस पातळ पडतो. बाटलीत गाडीचाच शाम्पू. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण घातला तर गाडीवरचं पॉलिश उतरतं, शिवाय पावडर नीट विरघळली नाही तर आतली जाळी बुजते. काम झालं की बाटलीत साधं पाणी घालून एकदा उडवून टाकायचं.

धुण्याचा क्रम सगळ्यांना ठाऊक असेल. आधी नुसत्या पाण्याने धूळ आणि रेती घालवायची, मग फेस, चार-पाच मिनिटं थांबायचं पण वाळू द्यायचा नाही, मग वरून खाली धुवायचं. नोझल पत्र्यापासून हातभर लांब. रंग उडालेली जागा, चिकटवलेली नावं आणि देवाची स्टिकरं, दाराचं रबर, मागचा सेन्सर, समोरच्या रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या, या ठिकाणी फवारा जवळून मारायचा नाही. टायरच्या बाजूलाही जवळून नाही. बॉनेट उघडून इंजिनावर तर नाहीच. शेवटी मऊ कापडाने पुसायचं. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळले की काळ्या काचेवर पांढरे ठिपके राहतात, ते मग निघत नाहीत.

2020 च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला जो पूर आला तो आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा शहराच्या कितीतरी वस्त्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर जो गाळ उरला तो घरात, कपाटात, गाड्यांच्या सीटखाली. तेव्हा ओळखीच्या एका घरी शेतातला फवारणीचा एचटीपी पंप काढून अंगण आणि गाडी धुतलेली मी पाहिली आहे. तो पंप मजबूत, पितळेचा, दाब घरगुती मशीनपेक्षा कमी पण पाणी भरपूर. तुमच्या घरी शेती असेल आणि असा पंप पडून असेल तर नवीन मशीन घ्यायच्या आधी त्याचा विचार करा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. औषध फवारलेला पाईप आणि गन गाडीला किंवा अंगणाला वापरू नका, वेगळी घ्या. आणि त्याचा पिवळा फवारणी पाईप घरगुती प्रेशर वॉशरला जोडायच्या भानगडीत पडू नका. आटे वेगळे, आणि दाबही त्याला झेपेल असं नाही. जोडायचा पाईप कोणताही असो, त्याच्या अंगावर छापलेला बारचा आकडा मशीनच्या 'मॅक्सिमम'पेक्षा जास्त हवा.

पाण्याचं काय, हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता आणि तो बरोबर होता. नदी दाराशी असून आपण पाण्याला महाग. गोसेखुर्द धरणाचं मागचं पाणी भंडाऱ्यापर्यंत तुंबतं, आणि नागपूरची घाण घेऊन नाग नदी कन्हानमार्गे त्याच पाण्यात येते. मग पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायची? मी हिशेब केला. गनचा खटका दाबलेला असतो तेवढाच वेळ पाणी जातं. एका धुण्याला खटका मोजून सहा-सात मिनिटं दाबला जातो, मिनिटाला सहा लिटर, म्हणजे चाळीसेक लिटर. साध्या पाईपने धुताना तोटी पंधरा मिनिटं वाहत असते, ते दीडशेच्या पुढे जातं. बादली-फडक्याने तीन-चार बादल्या, म्हणजे तेवढंच. तेव्हा मशीन पाणी वाचवते ते पाईपच्या तुलनेत, बादलीच्या तुलनेत नाही, हे खरं ते सांगावं. मी पंधरा दिवसांतून एकदाच धुते, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, आणि मधल्या काळात नुसतं फडकं. साबणाचं पाणी तुळशीकडे किंवा विहिरीकडे जाऊ देत नाही. आणि गाडी घेऊन नदीच्या घाटावर धुवायला जाणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, कारण संपादक ते छापणार नाहीत.

आता विजेचं, आणि इथे मी हसणार नाही. हातात पाणी, पायाखाली पाणी आणि शेजारी विजेची मशीन. पंधराशे वॅटची मशीन साडेसहा अँपिअर वीज ओढते. पंख्या-दिव्याच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर ती लावायचीच नाही, फ्रीज किंवा गिझरसारखं मोठं सॉकेट हवं. अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, अनेक जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या; माणसाच्या अंगातून वीज जायला लागली की तो क्षणात लाईन तोडतो. मशीनइतकाच तो खर्च महत्त्वाचा आहे, फेसाची बाटली नंतर घेतली तरी चालेल. एक्स्टेंशन बोर्ड लागलाच तर तार जाड, निदान दीड चौरस मिलिमीटरची, पूर्ण उलगडलेली, आणि जोड ओल्या जमिनीपासून वर टांगलेला. पायात चपला नकोत, बंद रबरी बूट हवेत.

भाच्याने एकदा खटका दाबून कोंबड्यांच्या मागे धावायला सुरुवात केली तेव्हा सगळे हसले. मी नाही हसले. शंभर बारचा बारीक फवारा जवळून लागला तर कातडी भेदून पाणी आत जातं. बाहेर फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत हाताचं मांस सडायला लागतं. अशी जखम झाली तर हळद लावून घरी बसायचं नाही, ताबडतोब दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना 'प्रेशरच्या पाण्याने लागलं आहे' हे स्पष्ट सांगायचं. गनवर एक छोटं कुलूप असतं; हातातून गन खाली ठेवली की ते लावायचं. मुलांना गाडी धुवायला मदत करू द्या, पण फडक्याने.

काम संपल्यावर मशीन बंद, पाणी बंद, आणि मग एकदा खटका दाबून पाईपमध्ये अडकलेला दाब सोडायचा. तो न सोडता आटे फिरवायला गेलं तर फिरत नाहीत, आणि आपल्याला वाटतं गंजले. मी ओ-रिंगांची एक पुडी बटणांच्या डब्यात ठेवते. गळती सुरू झाली की आधी रिंग बदलायची. एम 22 च्या आट्यावर सफेद टेफ्लॉन टेप गुंडाळून काही होत नाही, कारण पाणी आट्यात अडत नाही हे वर सांगितलंच. टेप लागते ती तोटीच्या बाजूला. रिंगेला सिलिकॉनचं थोडं ग्रीस लावलं तर ती वर्षभर टिकते. खोबरेल तेल लावू नका, रबर फुगतं.

येत्या रविवारी जाऊबाई त्यांची स्कूटी घेऊन येणार आहेत. तिच्यासाठी पांढरं नोझल लावून ठेवलंय, आणि किल्लीचं भोक आणि बॅटरीची बाजू झाकायला दोन जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या.